फिरंगेचे पाते आणि मराठी मूठ

आपल्या जुन्या बखरी वाचताना तलवारीसाठी एक शब्द वरचेवर भेटतो, तो म्हणजे 'फिरंग'. लिहिणाऱ्याला त्यात काही परके वाटत असल्याचे दिसत नाही. वास्तविक ही वस्तू कोठून आली ते शब्दच सांगतो. युरोपातल्या 'फ्रँक' लोकांना अरब आणि इराणी लोक 'फरंग' म्हणू लागले, त्याचेच आपल्याकडे 'फिरंगी' झाले, आणि त्या मुलखातून आलेले पाते ज्या तलवारीला बसवले ती 'फिरंग' झाली. जर्मनीला 'अलेमान' म्हणत, म्हणून तिकडच्या पात्याची वाकडी तलवार दक्षिणेत 'अलेमानी' नावाने ओळखली जाई. पुढे वस्तू अंगवळणी पडली आणि नावातला परकेपणा विसरला गेला. बटाट्याचे असेच झाले. फार काय, ज्या शब्दासाठी माझे निम्मे आयुष्य खर्ची पडले तो 'पगार' हाही मूळचा पोर्तुगीजच!

मी इतिहासाचा पदवीधर नाही, हे आरंभीच सांगतो. तरुणपणी काही वर्षे एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या यंत्रावर उभा होतो, मग संघटनेच्या कामात पडलो, आणि वाचले ते नगरवाचनालयातून. या विषयाची गोडी लागली ती लोखंडामुळे. गावोगाव कामगारांच्या सभांना जातो तेव्हा एखाद्या घरी देव्हाऱ्याजवळची तलवार मला दाखवली जाते. खंडेनवमीला तिची पूजा होत असते. यजमान विचारतात, "ही कुठली असेल हो?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर उत्तरही लिहिलेले असते: अस्सल शिवकालीन आणि अस्सल आपली. अशा वेळी पात्यावर विलायती अक्षरे निघाली की यजमानांचा चेहरा पडतो. तो का पडू नये, हेच मला आज सांगायचे आहे. पण त्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तलवार ही एक वस्तू दिसते, पण पाते एका गावचे, मूठ दुसऱ्या गावची, पात्यावरची खूण तिसऱ्याचीच उचललेली आणि ती वापरणारा चौथाच, असे नेहमी घडते. 'ही तलवार कुठली' या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर विक्रेता.

पहिला प्रश्न कोणाच्याही मनात येईल तो असा, की ज्या दख्खनचे पोलाद जगात नावाजलेले, त्या दख्खनने पाती बाहेरून का घ्यावीत? आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मुशीत लोखंड आणि कोळसा घालून उक्कू पोलादाच्या वड्या होत आणि त्या विकत घ्यायला इराणचे व्यापारी येऊन बसत. इंग्रजांनी 'वुट्झ' म्हटले ते हेच. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते दोनपर्यंत, म्हणजे आजच्या साध्या कामाच्या पोलादाच्या कितीतरी पट. अशा पात्याला धार अप्रतिम येते आणि अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. पण जे फार कठीण ते ठिसूळही असते, हे कोणताही फिटर सांगेल. आखूड, वाकड्या, ओढून कापणाऱ्या तलवारीला हे पोलाद उत्तम. सुमारे तीन फूट लांबीच्या सरळ पात्याची गोष्ट वेगळी. ते घोड्यावरून भोसकताना किंवा चिलखतावर आदळताना वाकले पाहिजे आणि पुन्हा सरळ झाले पाहिजे.

याची साक्ष एका इंग्रज पाद्र्याने दिली आहे. एडवर्ड टेरी हा सर टॉमस रो या वकिलाबरोबर जहांगिराच्या दरबारी होता. त्याचे प्रवासवर्णन इ.स. १६५५ मध्ये छापले गेले. त्यात तो सांगतो, की येथल्या तलवारी फार तीक्ष्ण, पण पाणी देण्याचे कसब कमी असल्यामुळे त्या वाकण्याऐवजी मोडतात. आणि म्हणून वाकून परत सरळ होणारी आमची पाती येथे चढ्या भावाने खपतात. टेरी आपल्या मालाची तारीफ करतो आहे, तेव्हा त्याच्या बोलण्यातून थोडे वजा केले पाहिजे. कसब कमी नव्हते, पोलादाची जात निराळी होती. पण बाजारात मागणी कशाला होती, हे तो प्रत्यक्ष पाहून सांगतो. पोर्तुगीज १४९८ मध्ये आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यानंतर इंग्रज आणि डच आले. कोकणचे बंदर आणि घाटमाथा यांमध्ये अंतर ते किती! शिवाजीमहाराजांनी कोकणातल्या सावंतांकडून होन मोजून एक उत्तम फिरंग घेतल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी वाट तीच होती, यात शंका नाही. दख्खनने पोलादाच्या वड्या बाहेर पाठवल्या आणि लवचीक पाती आत घेतली. ज्याला ज्या कामाला जे हत्यार बरे वाटले ते त्याने घेतले.

ही पाती होत कुठे? अनेक ठिकाणी, परंतु हिंदुस्थानात आलेल्या पात्यांचा विचार करताना एका गावावर थांबलेच पाहिजे. जर्मनीत ऱ्हाईनच्या पूर्वेस वुपर नावाची नदी आहे. तिच्या काठच्या डोंगराळ मुलखात झोलिंगेन हे शहर आहे. जमीन शेतीला बेताची, पण ओढ्यांना उतार चांगला. त्या पाण्यावर चाके फिरत आणि चाकांवर हातोडे व घासण्याचे दगड चालत. तेथे तलवार एक माणूस करीत नसे. लोहार पाते ठोकी, दुसरा त्याला पाणी देई, तिसरा दगडावर घाशी, चौथा मूठ बसवून सजवी. प्रत्येकाचा संघ निराळा आणि प्रत्येकाला राजाची सनद निराळी. पाणी देणारे आणि घासणारे यांच्या संघाला सनद मिळाली १४०१ मध्ये, सजवणाऱ्यांना १४१२ मध्ये आणि खुद्द लोहारांना १४७२ मध्ये. या तारखा मी प्रथम वाचल्या तेव्हा मला झालेला आनंद मी लपवीत नाही. ग्राइंडरवाले लोहारांच्या सत्तर वर्षे पुढे होते! परंतु पात्यावर नाव उमटते ते लोहाराचे किंवा व्यापाऱ्याचे. ज्याने ओल्या दगडावर वाकून धार काढली, ज्याच्या छातीत दगडाची धूळ बसली, त्याचा कुठे ठसा नाही. खोकल्याशिवाय काही मागे न ठेवलेले घासणारे मीही पाहिले आहेत.

या संघांच्या लोकांना शपथ घ्यावी लागे, की हे कसब आम्ही देशाबाहेर नेणार नाही. पोटापुढे शपथ टिकत नाही. इ.स. १६९० च्या आगेमागे काही कुटुंबे झोलिंगेन सोडून उत्तर इंग्लंडात शॉटली ब्रिज येथे जाऊन राहिली आणि तेथे पाती करू लागली. म्हणजे पाते इंग्लंडात झालेले आणि हात जर्मन, हाही प्रकार आला. उलट, इंग्रज व्यापाऱ्याने विकले म्हणून पाते इंग्लंडातच झाले, असे मानण्यालाही आधार नाही.

आता खुणांकडे येऊ, कारण सर्व गोंधळ खुणांत आहे.

पुष्कळ पात्यांवर पळणाऱ्या लांडग्याची आकृती असते. आकृती कसली, छिन्नीचे सात-आठ घाव आणि त्यांत बसवलेली पितळेची तार. कोणाला कुत्रा वाटेल, कोणाला घोडा. ही खूण मूळची डॅन्यूब नदीवरच्या पासाऊ गावची, चौदाव्या शतकातली. तिचे नाव झाले तसे झोलिंगेनच्या लोकांनी ती खुशाल उचलली. शॉटली ब्रिजला गेले त्यांनीही लांडगा बरोबर नेला. तेव्हा लांडगा पाहून गाव सांगता येत नाही.

लांडग्याजवळ काही वेळा आकडे असतात, १४१४ किंवा १४४१. घरमालकाला वाटते, तलवार सहाशे वर्षांची! हे आकडे साल नव्हेत. ते शुभ म्हणून, ताईतासारखे घातले जात. सतराव्या शतकातल्या पात्यांवरही ते सापडतात. आपण दुकानाच्या वहीवर 'शुभ लाभ' लिहितो, त्यावरून वहीचे वर्ष कोणी काढीत नाही.

नावांची तर मजाच आहे. उत्तर इटलीत बेल्लुनो येथे सोळाव्या शतकात आंद्रेआ फेरारा नावाचा नामांकित कारागीर होऊन गेला. त्याच्या मागून पुढे कित्येक पिढ्या झोलिंगेनमध्ये 'आंद्रेआ फेरारा' या नावाची पाती होत राहिली आणि स्कॉटलंडात ती हातोहात खपली. नावातली अक्षरे कधी एक 'आर'ची, कधी दोनची, कधी उलटसुलट. स्पेनमधल्या तोलेदोच्या साहागून आणि आयाला या कारागिरांचीही नावे अशीच चोरली गेली. तोलेदो म्हटले की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते, मग लोहार जर्मन का असेना. याउलट काही ठसे बरेच भरवशाचे आहेत. झोलिंगेनच्या क्लेमेन्स हॉर्नचे एकशिंगी घोड्याचे डोके आणि योहानेस वुंडेसचे मुकुटधारी राजाचे डोके हे त्यांतले. असा ठसा स्पष्ट मिळाला आणि पात्याची घडणही जुळली, तर गाव आणि काळ दोन्ही बऱ्यापैकी ठरतात. पण घडण जुळली पाहिजे. नुसता ठसा म्हणजे नुसते लेबल.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी खूण मात्र निराळी आहे. एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन दातेरी कोयत्या आणि टोकांशी ठिपके. ही मूळची जेनोवाची म्हणून ओळखली जाते. तिची नक्कल ऑस्ट्रियात झाली, झोलिंगेनमध्ये झाली, कॉकेशसमध्ये झाली आणि आपल्या लोहारांनीही ती मनसोक्त केली. गिऱ्हाइकाला कोयत्यांचे पाते हवे, तर घे बाबा कोयत्या! यात लबाडी होती का? होती. पण झोलिंगेनवाल्याने पासाऊचा लांडगा उचलला तर तो व्यापार, आणि आमच्या लोहाराने कोयत्या उठवल्या तर ती बनवेगिरी, असा दुहेरी न्याय काही जुन्या पुस्तकांत आढळतो. तो मला मान्य नाही.

मग ओळखायचे कसे? भिंग घ्यावे आणि उन्हात उभे राहावे. युरोपी ठसा बहुधा पाते लाल असताना, पाणी देण्यापूर्वी एका घावात मारलेला असतो. त्याची खोली सारखी आणि कड स्वच्छ असते. नक्कल पुष्कळदा थंड पात्यावर छिन्नीने एकेक रेघ ओढून केलेली असते, त्यामुळे दाते लहानमोठे होतात. अक्षरे न वाचता येणाऱ्याने कोरली असतील तर ती आरशातल्यासारखी उलटी पडतात, किंवा अक्षरांची नुसती नक्षी होते. मात्र लांडगा अस्सल असला तरी छिन्नीनेच काढलेला असतो, तेथे ही कसोटी चालत नाही. नंतर पात्याच्या अंगावरून लांब धावणाऱ्या पन्हळी पाहाव्यात. पन्हळीमुळे पाते हलके होऊनही ताठ राहते. पाणचक्कीच्या हातोड्याखाली आणि मोठ्या दगडावर झालेल्या पात्यात त्या बहुधा सरळ आणि सारख्या रुंदीच्या असतात. हातोडा आणि कानस यांवर झालेल्या पात्यात बोट फिरवले की किंचित लाट लागते. मी डोळ्यांपेक्षा बोटावर जास्त विश्वास ठेवतो. हा धंद्याचा गुण. अंगावर लहरींची नक्षी असेल तर ते उक्कूचे पाते. पण नक्षी दिसत नाही म्हणजे ते विलायती, असे मात्र नव्हे. वारंवार घासल्याने ती पुसली जाते.

दोन गोष्टी करू नयेत, हे येथेच हात जोडून सांगतो. एक म्हणजे पाते वाकवून पाहू नये. काही जाणते म्हणवणारे ती परीक्षा घेतात. तीन शतकांचा गंज आत शिरलेला असतो आणि पाते मोडते. दुसरे, दसऱ्याच्या आधी पॉलिश पेपर लावून तलवार चकचकीत करू नये. त्या एका सकाळी लांडगाही जातो आणि कोयत्याही जातात.

पाते ओळखले म्हणजे निम्मे काम झाले. परदेशातून येत ती बहुतेक नुसती पाती. त्यांची तलवार झाली ती येथे. मराठी आणि दख्खनी फिरंगेची मूठ पाहा. बोटांचे रक्षण करणारी रुंद परज, हात घसरू नये म्हणून आत गादी, आणि मुठीच्या शेवटी निघालेला लांब काटा. जोराचा घाव घालताना दुसरा हात त्या काट्यावर घेता येतो. मुठीपासून निघालेल्या दोन लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर येतात आणि पात्याला भोके पाडून रिव्हेटने घट्ट केलेल्या असतात. पाणी दिलेल्या पोलादाला भोक पाडणे काय असते ते ज्याने ड्रिल मोडले आहे त्याला विचारा. साध्या तलवारीत पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालून लाखेने बसवीत. लाख तापवली की मूठ सुटते. म्हणून एका पात्याने तीन-चार मुठी पाहिलेल्या असू शकतात आणि मुठीच्या वयावरून पात्याचे वय काढणे धोक्याचे असते. ही सारी कामे करणारे आमचे लोहार आणि सिकलगार. त्यांनीही आपले नाव कुठे घातले नाही. झोलिंगेनच्या घासणाऱ्याचे आणि आमच्या सिकलगाराचे एका तलवारीवर हात फिरले, पण एकाला दुसऱ्याचा मुलूखही ठाऊक नव्हता.

याची एक नोंद वाचण्यासारखी आहे. कॅप्टन नोलन या घोडदळाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५३ मध्ये आपल्या पुस्तकात निजामाच्या घोडेस्वारांची हकीकत दिली आहे. एका चकमकीत थोड्या स्वारांनी पुष्कळांचा मोड केला. डॉक्टरच्या यादीत तुटलेली मस्तके आणि हात. नोलनला वाटले, या तलवारी कोणत्या असाव्यात! चौकशीअंती दिसले, की ती बहुतेक इंग्रजी फौजेने जुनी म्हणून टाकून दिलेली पाती होती. स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार दिली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रज शिपाई तेच पाते लोखंडी म्यानात ठेवी आणि कवायतीत रोज खडखड करीत आतबाहेर करी; धार राहणार कुठून? नोलन स्वतः पुढच्याच वर्षी क्रिमियात बालाक्लावाच्या रणात पडला.

आता ज्या तलवारीबद्दल सर्वांना ऐकायचे असते तिच्याकडे येतो. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानात आले. त्या वेळी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे बारा वर्षांचे होते. पुढे १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात ज्यांचा दुर्दैवी अंत झाला तेच हे. त्यांच्याकडून युवराजांना एक तलवार नजर झाली. ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि आपल्याकडे ती 'जगदंबा' या नावाने ओळखली जाते. तिचे जुने वर्णन असे आहे: सरळ, एकधारी युरोपी पाते; दोन्ही अंगांवर एक रुंद व एक अरुंद पन्हळ; पन्हळीत 'आय-एच-एस' ही अक्षरे तीनदा ठोकलेली; काळ सतराव्या शतकाचा आरंभ. मूठ लोखंडी, सोन्याची नक्षी आणि हिरे-माणके जडवलेली, आणि ती अलीकडची. त्याच यादीत ही शिवाजीमहाराजांच्या वापरातली म्हणून नोंदलेली आहे. १९८० मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा केली. ही भवानी नव्हेच, भवानी साताऱ्यास आहे, असा वाद पेटला. तलवार काही आली नाही.

त्या वादात 'आय-एच-एस' वाचून कोणी म्हणेल, ही जेझुइट पाद्र्यांची, म्हणजे पोर्तुगीज, म्हणजे गोव्याची. ही अक्षरे येशूच्या नावाची आहेत आणि जेझुइटांनी ती आपली खूण केली, हे खरे. परंतु श्रद्धेची आणि उत्तम मालाची खूण म्हणून ती जर्मन पात्यांवरही ठोकलेली आढळतात. तेव्हा त्या तीन अक्षरांवरून पाते युरोपी, एवढेच निश्चित होते. पात्याचा काळ महाराजांच्या जन्माच्या आगेमागेचा, म्हणजे त्यांच्या हाती ते असणे शक्य आहे. ते प्रत्यक्ष होते की नाही, हे पोलाद सांगू शकत नाही. ते कागदांनी सांगायचे. आणि मूठ अलीकडची असल्यामुळे त्या हिऱ्या-माणकांवर महाराजांचा हात पडलेला नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांना या मीमांसेने वाईट वाटते त्यांना मी विचारतो, की ज्यांनी स्वतःचे आरमार उभारताना परक्या कसबाची लाज धरली नाही, त्या पुरुषाने लवचीक पाते पाहून 'हे परक्याचे' म्हणून परत केले असते काय?

कागद आणि पोलाद शेजारी ठेवून पाहण्याची मोठी संधी आपण एकदा गमावली आहे. तंजावरला भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. राजवाड्यात शस्त्रांचे मोठे कोठार होते, त्यात दक्षिणी मुठींची आणि युरोपी पात्यांची रेलचेल होती. १८६३ मध्ये त्यातले काही नग निवडून मद्रासच्या संग्रहालयात पाठवले गेले; ते आजही तेथे पाहता येतात. उरलेली शस्त्रे मोडून जुने लोखंड म्हणून काढून टाकली. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर आपल्याकडेही वाड्यावाड्यांतून हेच झाले असणार. जे विहिरीत टाकले नाही ते भंगारात गेले, किंवा विळे-कोयते होऊन शेतावर गेले.

म्हणून ज्यांच्या घरी अशी तलवार उरली आहे त्यांनी यंदाच्या खंडेनवमीला एवढे करावे. सुती फडक्याने हलकेच पुसून, उन्हात धरून, मुठीपासून टोकापर्यंत दोन्ही अंगांचे छायाचित्र घ्यावे. खुणा असतील तेथे पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा उतरवून घ्यावा. लांबी, रुंदी, पन्हळींची संख्या आणि मुठीजवळचे रिव्हेट मोजून वहीत लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तलवार कोणाकडून आली म्हणून ठाऊक असेल, तेही त्यांच्याच शब्दांत त्याच पानावर उतरवून घ्यावे आणि ते पान तलवारीबरोबर ठेवावे.